मानपत्रात नसलेलं वाक्य

निवेदकाला समारंभात दोन जागा असतात. स्वतः बोलत असताना पोडियमच्या मागे, आणि दुसरं कोणी बोलत असताना व्यासपीठाच्या कडेला, विंगेच्या पडद्यालगत. पुरस्कार घेतलेला माणूस बोलायला उभा राहतो तेव्हा मी त्या दुसऱ्या जागेवर असतो, त्याच्यापासून चार-पाच फुटांवर. तिथून सभागृहाला न दिसणारं बरंच काही दिसतं. घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद दिसतो. चष्मा कुठल्या खिशात ठेवला ते आठवत नसल्याची धांदल दिसते. पोडियमची कड घट्ट धरल्यामुळे पांढरी पडलेली बोटं दिसतात.

बरीच वर्षं हे काम करतो आहे. नगरपालिकेच्या सभागृहातले आदर्श शिक्षक पुरस्कार, पतसंस्थांचे वर्धापनदिन, वाचनालयांचे वाङ्मय पुरस्कार, आणि पुण्या-मुंबईतले ते मोठे सोहळे, ज्यांना तिकीट नसतं पण पासांवरून भांडणं होतात. या काळात नामवंत वक्तेही पुष्कळ ऐकले. तरी चारचौघांत बोलावं कसं, यातलं जे काही मला समजलं ते सत्कारमूर्तींकडून समजलं. वक्त्याकडून शिकणं अवघड जातं. त्याची हुकमत, त्याचा आवाज, टाळ्या घ्यायची त्याची सवय यांच्याखाली मूळ गोष्ट झाकून जाते. सत्कारमूर्ती बहुतेकदा वक्ता नसतो. त्याने आयुष्यभर दुसरंच काही केलेलं असतं, म्हणून तर त्याला पुरस्कार मिळालेला असतो. त्याच्या बोलण्यात काय जमलं आणि काय फसलं ते सरळ दिसतं.

आधी त्याची अडचण नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडचा कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने चालतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, सत्कारमूर्तींचा परिचय, मानपत्राचं वाचन, प्रत्यक्ष सत्कार, मग कधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि मग सत्काराला उत्तर. म्हणजे सत्कारमूर्ती माईकसमोर येतो तेव्हा त्याचं चरित्र तीन-चार वेळा सांगून झालेलं असतं. त्याचं जन्मगाव, त्याचे कष्ट, त्याला मिळालेले आधीचे पुरस्कार, सगळं. ते पुन्हा सांगितलं तर कंटाळा, वाढवून सांगितलं तर बढाई. त्यात मंत्री नाहीतर आमदार उशिरा आलेले, सभा ताटकळलेली, मागच्या रांगा शेवटची बस गाठायला उठू लागलेल्या. लग्नात यजमानाला जेवायला सगळ्यात शेवटी बसवतात, तसं आपण सत्कारमूर्तीला बोलायला शेवटी उभं करतो. सगळी सभा ज्याच्यासाठी जमली, त्याच्या वाट्याला सभेचं उरलेलं लक्ष येतं.

अशा कात्रीत सापडलेला माणूस हाताशी असेल ते वाक्य धरतो. ही वाक्यं मला आता पाठ आहेत. ‘माझ्यापाशी शब्द नाहीत.’ ‘हा पुरस्कार माझा नसून तुम्हा सर्वांचा आहे.’ ‘मी तर निमित्तमात्र.’ ‘या पुरस्काराने माझी जबाबदारी वाढली आहे.’ आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ‘खरं तर माझी एवढी पात्रता नाही.’ या शेवटच्या वाक्यावर निवड समितीच्या सदस्यांचे चेहरे बघावेत. त्यांनी दोन महिने प्रस्ताव वाचून, भांडून एक नाव काढलेलं असतं, आणि ते नावच आता सांगतं की तुमची निवड चुकली. बाकीच्या वाक्यांत खोटं काही नसतं. फक्त ती कोणत्याही समारंभात, कोणाच्याही तोंडी चालतात. जबाबदारी वाढली म्हणजे उद्या सकाळपासून तुम्ही वेगळं काय करणार, हे कोणी सांगितलेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

मानपत्रं मी स्वतःही लिहितो. आयोजक परिचयपत्र पाठवतात, त्यावरून चार परिच्छेद तयार होतात, मग ते चौकटीत बसवून त्याला सोनेरी किनार लागते. मानपत्रात विशेषणं असतात, पदं असतात, साल असतं, संस्थांची नावं असतात. प्रत्यक्ष काम नसतं. ते परिचयपत्रात नसतं, म्हणून मानपत्रातही येत नाही. ते काम रोज हाताने करणारा माणूस व्यासपीठावर एकच असतो. हे लक्षात आल्यापासून मला कोणी विचारलं की सत्काराला उत्तर देताना काय बोलू, तर मी एकच सांगतो. मानपत्र आधी मागून घ्या, वाचा आणि त्यात नसलेलं काहीतरी बोला.

हे मला सर्वांत स्वच्छ दिसलं ते मिरजेच्या एका वयस्कर सतारमेकरांच्या सत्कारात. मिरज हे सतारी-तानपुऱ्यांचं गाव. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मानपत्रात ‘नादब्रह्माचे उपासक’ आणि ‘स्वरांचे शिल्पकार’ असं बरंच काही होतं. ते माईकपाशी आले, फेटा उतरवून पोडियमवर ठेवला आणि म्हणाले, “मला गाता येत नाही. सतार लावता येते, वाजवता येत नाही. मला भोपळा कळतो, तेवढं सांगतो.” मग त्यांनी सांगितलं की भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. भोपळा वेलीवरच पुरता पिकावा लागतो. कोवळा काढला तर वाळताना आक्रसतो आणि पुढे तडकतो. तो बोटाने वाजवून बघायचा. ठणठणीत बोलला तर घ्यायचा, बद्द बोलला तर कितीही देखणा असला तरी सोडायचा.

त्यानंतर जवारीवर आले, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून आवाज उघडण्याच्या कामावर. घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, छेडून ऐकायची, पुन्हा उतरवायची, पुन्हा कानस. एक हात कमी पडला तर आवाज उघडत नाही, एक हात जास्त झाला तर तार मुकी होते. “थांबायचं कुठं, हे वडलांनी शिकवलं नाही,” ते म्हणाले. “ते शेजारी बसून दुसरंच काम करायचे. कान मात्र इकडं. मधेच म्हणायचे, बास. ते गेल्यावर पहिली जवारी काढली तेव्हा ‘बास’ म्हणणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी मला धंदा आला.” एवढं बोलून त्यांनी फेटा उचलला आणि जागेवर जाऊन बसले. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. त्यात त्यांनी स्वतःची स्तुती केली नाही, नम्रतेचं प्रदर्शन केलं नाही, वडलांचे उपकार कसे फिटणार असंही म्हटलं नाही. तरी वडील त्या सभागृहात येऊन गेले. त्यानंतर अध्यक्ष बराच वेळ बोलले. बाहेर चहाच्या टेबलावर लोक मात्र भोपळा आणि जवारीच बोलत होते.

सत्यजित राय यांनी १९९२ मध्ये हेच केलं होतं. जीवनगौरवाचं ऑस्कर स्वीकारलं तेव्हा ते कोलकात्याच्या रुग्णालयात होते. बाहुली त्यांच्याकडे तिथेच नेण्यात आली, आणि बिछान्यावरून त्यांनी केलेलं मनोगत चित्रित करून ३० मार्चच्या सोहळ्यात दाखवलं. महिनाभराच्या आत, २३ एप्रिलला ते गेले. इतक्या मोठ्या दिग्दर्शकाने अशा वेळी चित्रपटकलेवर काही गंभीर बोलावं, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. राय बोलले ते शाळकरी वयातल्या पत्रांबद्दल. आवडत्या नटीला, जिंजर रॉजर्सला पत्र लिहिलं, उत्तर नाही. पुढे बिली वायल्डर यांचा ‘डबल इन्डेम्निटी’ पाहून त्यांना बारा पानी पत्र धाडलं, त्यालाही उत्तर नाही. अमेरिकी चित्रपटांपासून आपण शिकलो, हा ऋणनिर्देश त्यांनी केलाच, पण या पत्रांमुळे तो खरा वाटला. हे जगातल्या कोणत्याही मानपत्रात सापडलं नसतं.

आता नावांचा प्रश्न. सत्काराच्या उत्तराची पहिली तीन-चार मिनिटं आपल्याकडे नावांतच जातात. ‘व्यासपीठावर उपस्थित’ म्हणून सुरुवात झाली की अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, सरपंच, चेअरमन, व्हाइस चेअरमन, मग खाली बसलेले माजी अमुक. एखादं नाव राहतं, मागून कोणीतरी चिठ्ठी देतं, मग ‘क्षमा असावी’ म्हणून ते नाव येतं. ही नावं निवेदकाने घेतलेली असतात, प्रास्ताविकात आलेली असतात, आभारातही येणार असतात. सत्कारमूर्तीने ती पुन्हा घेण्याची गरज नाही. ‘व्यासपीठावरचे सर्व मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या माणसांनो’ एवढं पुरतं. यावर कोणी रागावत नाही.

नावं घेऊच नयेत, असं मात्र नाही. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर निरोपाचं बोलला तेव्हा त्याच्या हातात नावांची यादी होती. कोणी राहू नये म्हणून यादी आणली आहे, हे त्याने आधीच सांगून टाकलं. तो पुरस्काराचा समारंभ नव्हता, पण त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झालं आणि पुरस्काराच्या उत्तरात जे जे यायला हवं ते सगळं त्या भाषणात होतं. यादी चांगली लांबलचक होती. तरी कोणी कंटाळलं नाही, कारण प्रत्येक नावाच्या मागे एक वस्तू नाहीतर एक प्रसंग होता. बहिणीचं नाव आलं ते तिने दिलेल्या पहिल्या बॅटीसकट. आचरेकर सरांचं आलं ते त्यांच्या स्कूटरसकट, ज्या स्कूटरवरून ते त्याला मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांसाठी न्यायचे. आणि इतक्या वर्षांत सर एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, हेही त्याने सांगितलं. आचरेकर सर गुरू म्हणून थोर होते हे सगळ्यांना माहीत होतं. कौतुक न करणारे सर मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच अनेकांना भेटले.

माझा सल्ला असा असतो की नावं घ्यायची तर जितकी घ्याल त्या प्रत्येकाचं एक काम सांगा. तेवढा वेळ नसेल तर एकच नाव घ्या. टॉम हँक्सने १९९४ मध्ये ‘फिलाडेल्फिया’साठी ऑस्कर घेताना शाळेतल्या नाटकाच्या शिक्षकांचं नाव घेतलं आणि ते भाषण इतकं गाजलं की त्यावरून पुढे एक चित्रपट निघाला. आल्बेर काम्यूला १९५७ चं नोबेल मिळालं तेव्हा त्याने अल्जेरियातल्या प्राथमिक शाळेतले आपले गुरुजी लुई जर्मां यांना पत्र लिहिलं. आईनंतर पहिली आठवण तुमची आली, असं त्यात होतं. स्वीडनमध्ये दिलेली भाषणं पुस्तकरूपाने आली तेव्हा तीही त्याने याच गुरुजींना अर्पण केली. ज्याचं नाव घेतल्याने आपला काही फायदा होणार नाही, असं नाव सभेला लगेच ओळखू येतं. मंत्र्यांचं नाव घेताना टाळ्या वाजतात त्या वेगळ्या, आणि चौथीच्या बाईंचं नाव घेताना वाजतात त्या वेगळ्या.

आणि घरच्यांना शेवटासाठी राखून ठेवू नये. शेवट कधी हातात येतो, कधी येत नाही. हिलरी स्वँककडून २००० साली ऑस्कर घेताना नवऱ्याचे आभार मानायचे राहून गेले; २००५ मध्ये पुन्हा ऑस्कर मिळालं तेव्हा तिने सुरुवातच त्याच्यापासून केली. आपल्याकडे पत्नीचा उल्लेख ‘सौभाग्यवतीची मोलाची साथ’ एवढ्यावर उरकतो. ती बहुतेक वेळा दुसऱ्या रांगेत बसलेली असते. मी तिच्याकडे बघतो. ‘साथ’ म्हटल्यावर तिचा चेहरा जराही हलत नाही. एका शिक्षकांनी मात्र सांगितलं की पटनोंदणीच्या दिवसांत मी वाड्यावस्त्यांवर फिरायचो तेव्हा आमच्या घरची म्हैस हिने काढली आणि दुधाचा रतीब हिने घातला. त्या बाई पदराने तोंड झाकून हसत होत्या.

वेळेबद्दल परदेशातले किस्से नेहमी सांगितले जातात. ‘मिसेस मिनिव्हर’साठी १९४३ साली ग्रीअर गार्सनने केलेलं ऑस्करचं भाषण साडेपाच मिनिटं चाललं. ते इतकं चघळलं गेलं की दंतकथेत तासाभराचं झालं. पुढे तिथे वेळेची मर्यादा आली. ती आता साधारण पाऊण मिनिटाची आहे, आणि ती संपली की वाद्यवृंद वाजू लागतो. २०२५ मध्ये ‘द ब्रूटलिस्ट’साठी पुरस्कार घेणाऱ्या एड्रियन ब्रोडीने ते संगीत थांबवायला सांगितलं आणि तो पाच मिनिटं चाळीस सेकंद बोलून गार्सनचा विक्रम मोडून गेला. दुसऱ्या टोकाला आल्फ्रेड हिचकॉक. १९६८ मध्ये सन्मान स्वीकारताना ते जेमतेम आभार मानून मागे फिरले. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये भारतीय म्हणून पहिलं ऑस्कर घेतलं, तेव्हा त्याही दोन-तीन वाक्यांतच थांबल्या. हे खरं वाटत नाही म्हणाल्या, अकादमीचे आणि भारताकडे जगाचं लक्ष वेधणाऱ्या रिचर्ड अॅटनबरो यांचे आभार मानले, संपलं. पहिलेपणाचा उल्लेखही केला नाही.

आपल्याकडे वाद्यवृंद नाही, चिठ्ठी आहे. ‘कृपया दोन मिनिटांत आटोपावे’ ही चिठ्ठी पोडियमवर नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे असतं. ती प्रमुख पाहुण्यांना दिलेली मी कधी पाहिली नाही. एका संस्थेच्या कार्यक्रमात सहा सत्कारमूर्ती होते आणि पाहुण्यांच्या भाषणांतच साडेनऊ वाजले. मग आयोजकांनी ठरवलं की वेळेअभावी एकानेच सर्वांच्या वतीने मनोगत व्यक्त करावं. बाकीचे पाच जण कागद खिशात घेऊन घरी गेले. त्यांतल्या एका बाईंनी मला विंगेत तो कागद दाखवला. सुवाच्य अक्षर, वहीचं एकच पान, वर दिनांक. वाचायला दीड मिनिट लागलं असतं.

म्हणून तयारी करताना वेळ दोन मापांत धरावा: एक चार मिनिटांचा, एक एका मिनिटाचा. एका मिनिटाच्या मापात गोष्ट तेवढी ठेवायची, बाकी सगळं कापायचं. घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून बघायचं, मनातल्या मनात नाही. मनातलं वाचन नेहमी लवकर संपतं. कागदावर अक्षर मोठं काढायचं, पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, पानांवर आकडे घालायचे. पाठ करून येणाऱ्यांपेक्षा कागद घेऊन येणारे मला जास्त भरवशाचे वाटतात. पाठ केलेल्याचं एक वाक्य निसटलं की सगळंच निसटतं. कागदवाल्याला खाली बघून पुढचं मिळतं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं तोंडपाठ असावं, कारण ती दोन वाक्यं सभेकडे बघून बोलायची असतात.

काही गोष्टी इतक्या बारीक आहेत की त्या कोणी सांगत नाही. सत्कार झाला की माणसाच्या हातांत शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मानचिन्ह आणि मानपत्राची फ्रेम एवढं सगळं येतं, आणि त्याच अवस्थेत त्याला माईकपाशी ढकललं जातं. भाषणाचा कागद खिशात असतो आणि हात मोकळा नसतो. शाल खांद्यावरून घसरते, ती सावरताना नारळ गडगडतो. तेव्हा आधी सगळं खुर्चीवर ठेवा, मग या. सभा तेवढं थांबते. दुसरं फेट्याचं. बांधणारा घाईत असतो आणि फेटा कानांवरून घट्ट येतो. मग आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत ओरडायला लागतो. कान मोकळे करून घ्या, किंवा त्या सतारमेकरांसारखा सरळ उतरवून ठेवा. तिसरं म्हणजे पोडियमची उंची. आपल्याकडचे पोडियम धिप्पाड पुढाऱ्यांच्या मापाने केलेले असतात. एका तालुक्याच्या कार्यक्रमात गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एक आशाताई बोलायला आल्या आणि पोडियममागे पार दिसेनाशा झाल्या. नुसती शाल दिसत होती. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दादा, मी पुढं येऊन बोलू का?” मी हातातला माईक दिला. पोडियमच्या पुढे येताच त्यांचा आवाज बदलला. कमी वजनाचं बाळ झोळीत घालून काट्याला कसं लटकवायचं ते त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं. पोडियमच्या मागे ते हात दिसलेच नसते.

माईकचं महत्त्व नोबेलवाल्यालाही सुटलेलं नाही. विल्यम फॉकनर यांचं १० डिसेंबर १९५० चं स्टॉकहोममधलं भाषण नोबेलच्या इतिहासातल्या उत्तम भाषणांत धरतात. पण ते भरभर आणि माईकपासून दूर उभं राहून बोलले, त्यामुळे मेजवानीला बसलेल्या अनेकांना त्या रात्री ते नीट कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आल्यावर लोकांना समजलं की आपण काय ऐकलं होतं. फॉकनरना वर्तमानपत्रांनी तारलं. तुमचं-माझं भाषण दुसऱ्या दिवशी छापून येत नाही. आलं तरी ‘सत्काराला उत्तर देताना ते बोलत होते’ एवढी एक ओळ येते. म्हणून माईक टिचकी मारून, फुंकून न तपासता तोंडासमोर वीतभर अंतरावर घ्यावा आणि पहिलं वाक्य रोजच्यापेक्षा सावकाश बोलावं.

गळा दाटून येतो तेव्हा काय करावं, हे मला अनेकांनी विचारलं आहे. काही करू नये. थांबावं. पाणी प्यावं. सभेला घाई नसते. घाई असते ती आयोजकांना आणि आम्हा निवेदकांना. ती शांतता भरून काढायला एखादा शेर फेकायचा मोह निवेदकाला होतो, कोणी मागून टाळ्या सुरू करतं, आणि त्या माणसाचा धागा तुटतो. अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमांचे लाडके फ्रेड रॉजर्स यांनी १९९७ च्या एमी सोहळ्यात जीवनगौरव स्वीकारताना सगळ्या झगमगत्या सभेला सांगितलं की तुम्हाला घडवणाऱ्या माणसांची दहा सेकंद आठवण करा, वेळ मी बघतो. आणि त्यांनी खरोखर घड्याळाकडे बघितलं. समोरच्या नट-नट्यांचे डोळे भरून आले. ती दहा सेकंदं ते स्वतः काहीच बोलत नव्हते.

मग येतो समाजाचा प्रश्न. पुरस्काराच्या व्यासपीठावर परखड बोलावं का? पु. ल. देशपांडे यांना महाराष्ट्र भूषणचा पहिला, १९९६ चा पुरस्कार मिळाला, तेव्हा लोकशाही आणि विचारस्वातंत्र्याबद्दलची अस्वस्थता त्यांनी बोलून दाखवली. ती पुरस्कार देणाऱ्या सत्ताधाऱ्यांना झोंबली आणि मोठा वाद झाला. पुलंना तो अधिकार होता, कारण हेच ते आणीबाणीतही जाहीरपणे बोलले होते. सिंधुताई सपकाळ यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना शेकडो पुरस्कार मिळाले आणि बहुतेक ठिकाणी माईंनी भाषण संपवताना पदर पसरला. भाषण केलं तर लेकरांच्या राशनची सोय होते, असं त्या उघडपणे म्हणत. त्यात त्यांना संकोच नव्हता आणि ऐकणाऱ्यालाही तो वाटत नसे, कारण मागणं स्वतःसाठी नव्हतं. आपण रोज जे करतो, रोज ज्यासाठी भांडतो, तेच पुरस्काराच्या व्यासपीठावर बोललं तर ते शोभतं. पुरस्कार मिळाला म्हणून त्या संध्याकाळपुरता सुचलेला सामाजिक विचार सभेला लगेच ओळखू येतो.

बोललंच पाहिजे, असंही नाही. राष्ट्रपती भवनात पद्म पुरस्कार दिले जातात तेव्हा मनोगत नावाचा प्रकारच नसतो. नाव पुकारलं जातं, माणूस चालत जातो, पदक स्वीकारतो, नमस्कार करतो आणि परत येतो. देशातल्या मोठ्या नागरी सन्मानांना भाषण लागत नाही. तेव्हा ज्याला बोलायचं नाही त्याने हात जोडून ‘धन्यवाद’ म्हणावं आणि बसावं. आग्रह करून माईकपाशी उभं करणं हा सत्कार नव्हे, छळ आहे.

आयोजकांना एक विनंती करतो. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी सत्काराचं उत्तर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाच्या वर घ्या. मानपत्राची प्रत सत्कारमूर्तीला चार दिवस आधी घरी पाठवा. पोडियमशेजारी एक टेबल ठेवा, शाल-नारळ ठेवायला. याला एक पैसा खर्च येत नाही. आणि सत्कारमूर्ती तुम्ही असाल, तर ते मानपत्र हातात पेन घेऊन वाचा. त्यात जे जे आलं आहे त्यावर काट मारा. मग तुमच्या कामातली अशी एक गोष्ट शोधा जी तुमच्याशिवाय त्या व्यासपीठावर कोणालाच माहीत नाही. ती सांगा, ज्या माणसाकडून शिकलात त्याचं नाव घ्या, आणि बसा.